मालकी, ताबा आणि चीजवस्तू: इंग्रजीतून फ्रेंचमध्ये जाताना

युरोपीय मानवी हक्क कराराच्या पहिल्या प्रोटोकॉलवर २० मार्च १९५२ रोजी पॅरिसमध्ये सह्या झाल्या. त्याचे पहिले कलम मालमत्तेच्या हक्काविषयी आहे. या कलमाचा इंग्रजी आणि फ्रेंच मजकूर सारखाच अधिकृत मानला जातो, त्यामुळे एक मूळ आणि दुसरे त्याचे भाषांतर असे म्हणण्याची सोय इथे नाही. इंग्रजी मजकुराच्या पहिल्या वाक्यात प्रत्येकाला आपल्या 'पझेशन्स'चा, म्हणजे मालकीच्या वस्तूंचा, शांततेने उपभोग घेण्याचा हक्क दिला आहे, आणि दुसऱ्या वाक्यात कोणालाही आपल्या 'पझेशन्स'पासून वंचित केले जाणार नाही, असे म्हणून त्याला अपवाद जोडले आहेत. शब्द दोन्हीकडे तोच आहे. फ्रेंच मजकुरात मात्र पहिल्या वाक्यात 'ब्याँ' (मालमत्ता) हा शब्द येतो आणि दुसऱ्या वाक्यात 'प्रोप्रिएते' (मालकी). तिसऱ्या वाक्यात इंग्रजी शब्द बदलून 'प्रॉपर्टी' असा होतो, तर फ्रेंच मजकूर पुन्हा 'ब्याँ'कडे वळतो. (फ्रेंच शब्द या लेखात उच्चाराच्या जवळ जाईल अशा रीतीने देवनागरीत लिहिले आहेत.)

हा मसुदा करणाऱ्यांचा निष्काळजीपणा नव्हे. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यांत विषय वस्तूंचा आहे: माणसाजवळ जे जे काही मोलाचे आहे, त्याचा मान राखायचा आहे आणि त्याच्या वापराचे नियमन करायचे आहे. दुसऱ्या वाक्यात हिरावून घेतला जातो तो हक्क. फ्रेंच भाषेला हा फरक शब्दातच दाखवावासा वाटतो, इंग्रजीला वाटत नाही. पुढे १३ जून १९७९ रोजी मार्क्स विरुद्ध बेल्जियम या खटल्याचा निकाल देताना स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दोन्ही भाषांतले हे सगळे शब्द शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि हे कलम सारतः मालमत्तेच्या हक्काचीच हमी देते, असा अर्थ काढला. एका भाषेतील शब्द धूसर असेल तर दुसऱ्या भाषेतील शब्द त्यावर उजेड टाकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

मालकीविषयीचे इंग्रजी शब्द फ्रेंचमध्ये नेताना अडखळायला होते त्याचे मूळ इथेच आहे. माणूस आणि वस्तू यांच्यात निदान चार प्रकारची नाती असू शकतात. वस्तूवर त्याचा कायदेशीर हक्क असतो. ती वस्तू त्याच्या हातात किंवा ताब्यात असते. ती त्याच्या एकूण संपत्तीचा भाग म्हणून मोजली जाते. किंवा ती नुसतीच त्याची, त्याच्या वापरातली, त्याच्याबरोबर असणारी असते. इंग्रजीत एकच शब्द यांपैकी दोन-तीन नाती सहज पेलतो. फ्रेंचमध्येही एक शब्द अनेक कामे करतो, पण ती कामे वेगळी असतात. म्हणून शब्दाला शब्द लावण्याआधी वाक्यात यांपैकी कोणते नाते आहे हे ठरवावे लागते, आणि ते ठरले की फ्रेंच शब्द बहुधा आपोआप पुढे येतो.

दोन्ही भाषांतले शब्द दिसायला इतके सारखे असताना एवढी फारकत कशी झाली, असा प्रश्न साहजिक आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर काही शतके तिथल्या राजदरबारात व न्यायालयांत फ्रेंचचा अंमल राहिला. न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा १३६२ मध्ये झाला, तरी कायदेपंडितांच्या लेखणीतून फ्रेंच लवकर गेली नाही. 'प्रॉपर्टी', 'पझेशन', 'इस्टेट', 'टेनंट', 'मॉर्गेज' हे सारे शब्द त्या काळाचे देणे आहेत. 'ओन' आणि 'बिलाँग' एवढे मात्र जुन्या इंग्रजीच्या घरचे. पुढे हे उसने शब्द इंग्लिश जमीन कायद्याच्या मुशीत वेगळ्या अर्थाने घडले आणि फ्रान्समधील त्यांची भावंडे वेगळ्या वाटेने गेली. 'इस्टेट' ज्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला, त्याचे आजचे रूप 'एता' म्हणजे स्थिती किंवा राज्य. जंगम वस्तूसाठी असलेला इंग्रजी कायद्यातील 'चॅटल' आणि आजच्या फ्रेंचमधील 'शेप्तेल' हे एकाच लॅटिन मुळाचे आहेत, पण 'शेप्तेल' म्हणजे पशुधन. गहाणखताला इंग्रजीने जुन्या फ्रेंचमधून 'मॉर्गेज' हा शब्द घेतला, आणि फ्रेंच माणूस त्यालाच 'इपोतेक' म्हणतो. त्यामुळे ओळखीचा चेहरा दिसला की भाषांतरकाराने आधी थांबावे, हे या विषयात अगदी अक्षरशः खरे आहे.

'प्रॉपर्टी'पासून सुरुवात करू. इंग्रजीत हा शब्द हक्कालाही लागतो आणि वस्तूलाही. फ्रेंचमध्ये हक्काला 'प्रोप्रिएते' आणि हक्काच्या विषयाला, म्हणजे मालमत्तेला, 'ब्याँ' असा ढोबळ नियम धरता येतो. युनेस्कोच्या १९७० च्या कराराचे नाव या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा आयात, निर्यात आणि मालकीचे बेकायदा हस्तांतरण रोखण्यासाठी तो झाला. इंग्रजी नावात 'ओनरशिप' आणि 'कल्चरल प्रॉपर्टी' असे दोन्ही शब्द आहेत. फ्रेंच नावात 'ओनरशिप'च्या जागी 'प्रोप्रिएते' आहे आणि 'प्रॉपर्टी'च्या जागी 'ब्याँ क्युल्त्युरेल'. म्हणजे ज्या फ्रेंच शब्दाचे 'प्रॉपर्टी'शी सख्खे नाते दिसते, तो तिच्या वाट्याला न येता शेजारच्या शब्दाच्या वाट्याला गेला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील सतराव्या कलमात आणखी एक गोष्ट दिसते. इंग्रजी कलमानुसार प्रत्येकाला मालमत्ता 'ओन' करण्याचा हक्क आहे, तर फ्रेंच कलमानुसार प्रत्येकाला 'प्रोप्रिएते'चा हक्क आहे. क्रियापद गळून पडले आणि काहीही बिघडले नाही, कारण मालक असणे हा अर्थ त्या नामातच आहे.

नियम ढोबळ आहे असे म्हटले, कारण रोजच्या बोलण्यात 'प्रोप्रिएते' हा शब्द भोवतालच्या आवारासह असलेल्या ऐसपैस घरालाही वापरतात, आणि पदार्थाच्या गुणधर्मालाही तोच शब्द आहे. बौद्धिक संपदेला 'प्रोप्रिएते एँतेलेक्त्युएल' म्हणतात, कारण तिथे मुळात हक्कच अभिप्रेत असतो.

फ्रेंच दिवाणी संहिता १८०४ ची. तिच्या ५४४ व्या कलमात 'प्रोप्रिएते'ची व्याख्या आहे: कायद्याने आणि नियमांनी मना केलेला वापर टाळून वस्तूंचा उपभोग घेण्याचा आणि त्यांची विल्हेवाट लावण्याचा अत्यंत निरपवाद हक्क. ५१६ वे कलम एका ओळीचे आहे आणि ते सांगते की सर्व 'ब्याँ' एकतर 'मब्ल' असतात नाहीतर 'इमब्ल', म्हणजे जंगम किंवा स्थावर. मराठी वाचकाला ही विभागणी ओळखीची वाटेल. फ्रेंच शिकणाऱ्याला ती फसवते, कारण बोलीत 'मब्ल' म्हणजे टेबल-खुर्च्यांसारखे घरातले फर्निचर आणि 'इमब्ल' म्हणजे अनेक मजली इमारत. कायद्याच्या मजकुरात मोकळी जमीनही 'इमब्ल' आहे आणि मोटारगाडी 'मब्ल' आहे. इंग्रजी कायद्यातील 'रिअल' आणि 'पर्सनल' प्रॉपर्टी ही विभागणी याच्याशी बरीच जुळते, पण पूर्णपणे नाही: भाडेपट्ट्याने मिळालेला जमिनीचा हक्क इंग्लंडमध्ये परंपरेने 'पर्सनल' गटात टाकला जात असे. घरांच्या खरेदी-विक्रीच्या जाहिरातीत 'रिअल इस्टेट'ला 'इमोबिल्ये' म्हटले की काम भागते. मृत व्यक्तीची 'इस्टेट' म्हणजे 'स्युक्सेस्यों', आणि खेड्यातली मोठी 'इस्टेट' म्हणजे 'दोमेन'.

खरी गुंतागुंत 'पझेशन'मध्ये आहे, आणि या शब्दावर जरा अधिक वेळ घालवणे मला आवश्यक वाटते. सामान्य इंग्रजीत 'पझेशन' म्हणजे ताबाही आणि 'पझेशन्स' म्हणजे मालकीच्या वस्तूही. फ्रेंच कायद्यात 'पोसेस्यों' हा शब्द अगदी नेमका आहे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: वस्तू प्रत्यक्ष हाताशी असणे आणि आपण मालक आहोत अशा भावनेने ती बाळगणे. दुसरी गोष्ट नसेल तर ती 'पोसेस्यों' नव्हे, ती नुसती 'देताँस्यों'. भाडेकरू घरात राहतो, किल्ली त्याच्या खिशात असते, पण घर दुसऱ्याचे आहे हे भाडेकरारातच मान्य केलेले असल्यामुळे फ्रेंच कायद्याच्या नजरेत तो 'पोसेसर' नाही. उलट, चोरलेली घड्याळे स्वतःची म्हणून वागवणारा चोर मात्र 'पोसेसर' ठरू शकतो. त्याची नियत वाईट आहे एवढेच. ही गोष्ट पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटते. पण ताबा आणि हक्क यांची गल्लत न करता ताब्यालाही स्वतःचे कायदेशीर रूप द्यायचे ठरवले की हा निष्कर्ष टळत नाही.

इंग्लिश कायदा नेमका उलट बोलतो. स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड या १९८५ च्या खटल्यात लॉर्डांच्या सभागृहाने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितले की, राहणाऱ्याला ठरावीक मुदतीसाठी भाड्याच्या मोबदल्यात जागेचे अनन्य 'पझेशन' दिले असेल तर तो भाडेपट्टाच होय, कागदावर त्याला काहीही नाव दिलेले असो. म्हणजे इंग्रजी मजकुरातील भाडेकरू 'इन पझेशन' असतो, आणि ते वाक्य 'पोसेस्यों' वापरून फ्रेंचमध्ये नेले तर फ्रान्समधील वकील त्याचा अर्थ असा घेईल की हा मनुष्य स्वतःला मालक समजून राहत आहे. त्याचे परिणाम गंभीर आहेत. फ्रान्समध्ये स्थावर मालमत्तेचा असा ताबा साधारणपणे तीस वर्षे अखंड, उघडपणे आणि निर्वेध राहिला तर त्यातून मालकी निर्माण होते. नियत चांगली आणि दस्त रीतसर असेल तर दहा वर्षे पुरतात. दुसऱ्याच्या वतीने वस्तू बाळगणाऱ्याला मात्र कितीही काळ लोटला तरी हा लाभ मिळत नाही, असे संहितेत स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा भाडेकरूसाठी 'ऑक्युपे' (जागेत राहणे) किंवा 'देतनीर' (जवळ बाळगणे) या क्रियापदांचा आधार घेणे सुरक्षित. फौजदारी मजकुरातही हेच: अमली पदार्थांचे 'पझेशन' फ्रेंच गुन्हेगारी कायद्यात 'देताँस्यों' आहे, कारण तिथे पदार्थ कोणाचा आहे हा प्रश्नच नाही, तो कोणाजवळ सापडला हा प्रश्न आहे.

जंगम वस्तूंच्या बाबतीत संहितेतील २२७६ वे कलम प्रसिद्ध आहे. जंगम वस्तूंपुरता ताबा हाच मालकीचा दस्त, असा त्याचा आशय. सद्भावनेने विकत घेणाऱ्याला ते संरक्षण देते, आणि वस्तू हरवलेली किंवा चोरीची असेल तर मूळ मालकाला तीन वर्षांपर्यंत ती परत मागण्याची मुभा ठेवते. या कलमातील 'पोसेस्यों'ला इंग्रजीत नेणाऱ्याला तीच अडचण उलट दिशेने येते.

आता कायद्याच्या कचेरीतून बाहेर पडून 'बिलाँगिंग्ज'कडे येऊ. प्रवासी बॅगेत भरतात, मुले शाळेत विसरतात, रुग्ण दवाखान्यात जवळ ठेवतात त्या चीजवस्तू म्हणजे 'बिलाँगिंग्ज'. इथे 'ब्याँ' म्हणणे फार जड होते. त्यातून जमीनजुमला आणि बँकेतील ठेवी असा भास होतो. घरगुती बोलण्यात 'आफेर' हा शब्द चालतो, नेहमी अनेकवचनात आणि बहुधा 'माझे', 'तुझे' अशा शब्दासह: आपली 'आफेर' आवर, असे आई मुलाला सांगते. एकवचनात हाच शब्द प्रकरण, खटला, व्यवहार असा वेगळाच अर्थ देतो. सूचनाफलकावर, विम्याच्या अर्जात, तुरुंगाच्या नोंदवहीत 'एफे पेर्सोनेल' म्हणजे वैयक्तिक वस्तू असा औपचारिक प्रयोग आढळतो. मित्रांत तर 'त्र्युक' हा सैल शब्दही चालतो. इंग्रजीत जिथे 'लॉस्ट प्रॉपर्टी' अशी पाटी असते तिथे फ्रेंच पाटीवर 'ऑब्जे त्रुव्हे' लिहिलेले असते, म्हणजे सापडलेल्या वस्तू. इंग्रजी पाटी मालकाच्या बाजूने बोलते, फ्रेंच पाटी कार्यालयाच्या बाजूने. मालमत्तेचा उल्लेख फ्रेंचमध्ये पूर्ण नाहीसा झाला आहे आणि तरी भाषांतर अचूक आहे.

'बिलाँग' या क्रियापदाला 'आपार्तनीर' हा रीतसर प्रतिशब्द आहे. पण बोलताना फ्रेंच माणूस 'स लीव्र ए ता म्वा' म्हणतो, आणि हे वाक्य मराठीच्या 'हे पुस्तक माझे आहे' याच्या फार जवळचे आहे. मराठी माणसाने इथे इंग्रजीच्या वळणाने 'आपार्तनीर' शोधत बसण्याचे कारण नाही. समाजाशी, गटाशी, मातीशी असलेल्या आपलेपणाचे 'बिलाँगिंग' मात्र 'आपार्तनाँस' होते, आणि या नामाचा वस्तूंच्या मालकीशी सहसा संबंध नसतो.

विशेषण म्हणून येणारा 'ओन' हा 'प्रोप्र'ने दाखवतात, पण जागा सांभाळून. नामाच्या आधी तो आला तर 'स्वतःची', नामानंतर आला तर 'स्वच्छ'. 'मा प्रोप्र शाँब्र' म्हणजे माझी स्वतःची खोली आणि 'मा शाँब्र प्रोप्र' म्हणजे माझी स्वच्छ खोली. स्वतःचे घर हवे आहे असे म्हणताना 'माझ्या मालकीचे एक घर' या अर्थी 'युन मेझों आ म्वा' ही रचना अधिक सहज वाटते. षष्ठीदर्शक शब्दांत आणखी एक खाच आहे. इंग्रजीतील 'हिज' आणि 'हर' मालकाचे लिंग सांगतात. फ्रेंचमधील 'सों' आणि 'सा' वस्तूचे लिंग सांगतात आणि मालक पुरुष की स्त्री याविषयी मौन बाळगतात. मराठीत 'तिचा', 'तिची', 'तिचे' यांतून दोन्ही कळते, त्यामुळे मराठी वाचकाला वस्तूनुसार रूप बदलणे नवे नाही, मालकाची खूण पुसली जाणे नवे आहे. मृत्युपत्रात भाऊ आणि बहीण या दोघांचा उल्लेख असेल आणि पुढे 'सा मेझों' आले, तर घर कोणाचे हे त्या शब्दांवरून ठरत नाही. अशा ठिकाणी भाषांतरकाराने नाव पुन्हा लिहावे; द्विरुक्ती झाली तरी चालेल. अवयवांसाठी फ्रेंचमध्ये षष्ठी बहुधा येतच नाही, आणि 'मी हात धुतले' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

मालक या अर्थाच्या 'ओनर'लाही एकच घर नाही. घराचा मालक 'प्रोप्रिएतेर', आणि घर भाड्याने देणारा 'लँडलॉर्ड'ही 'प्रोप्रिएतेर'च. फरक करायचाच असेल तर 'बाय्यर' हा शब्द जोडावा लागतो. बँक खाते, परवाना किंवा ओळखपत्र ज्याच्या नावावर आहे तो 'तित्युलेर'. कुत्र्याचा मालक लोकांच्या बोलण्यात 'मेत्र'. एका कंपनीच्या मालकीची दुसरी कंपनी ही 'देतन्यू', म्हणजे धारण केलेली असते, आणि भागभांडवलाचे प्रमाण त्यापुढे सांगतात. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्ध युरोपीय संघाने २०१५ मध्ये जो निर्देश काढला त्यात 'बेनिफिशियल ओनर' म्हणजे पडद्याआडचा खरा लाभधारक. फ्रेंच मजकुरात तो 'बेनेफिस्येर एफेक्तिफ' आहे. मालक हा शब्द तिथे मुद्दामच नाही, कारण कागदोपत्री मालक दुसराच कोणीतरी असतो.

'ओनरशिप'चा अर्थ एखादे काम आपले मानून अंगावर घेणे असा असेल, तर 'प्रोप्रिएते' हा शब्द सर्वस्वी चुकीचा ठरतो. विकास-साहाय्याच्या परिणामकारकतेविषयी २००५ मध्ये पॅरिसमध्ये जो जाहीरनामा मान्य झाला, त्याचे पहिले तत्त्व इंग्रजीत 'ओनरशिप' आणि फ्रेंचमध्ये 'आप्रोप्रियास्यों' आहे: मदत घेणाऱ्या देशाने आपली धोरणे स्वतः आखावीत आणि चालवावीत. गंमत अशी की तोच शब्द इंग्रजीत 'अप्रोप्रिएशन' म्हणून परत आणला तर बळकावणे किंवा अंदाजपत्रकातील तरतूद असा अर्थ निघतो. मला हे भाषांतर फार समर्पक वाटते, कारण फ्रेंच शब्दात स्थिती नसून कृती आहे: जे आपले नव्हते ते आपलेसे करून घेणे.

सर्वांत कठीण जागा 'ट्रस्ट'ची. इंग्लिश कायद्यात ट्रस्टच्या मालमत्तेवर विश्वस्ताची कायदेशीर मालकी आणि लाभार्थ्याची न्याय्य मालकी अशा दोन मालक्या एकाच वेळी नांदतात. फ्रेंच परंपरेत मालकीचे तुकडे होतात, पण ते वेगळ्या रेषेवर: उपभोगाचा हक्क 'युझ्युफ्रुई' एकाकडे आणि उरलेली नुसती मालकी 'न्यू-प्रोप्रिएते' दुसऱ्याकडे, आणि उपभोगाचा हक्क संपला की दोन्ही पुन्हा एकत्र. म्हणून ट्रस्टच्या लाभार्थ्याला 'युझ्युफ्रुई'चा धनी म्हणणे चुकीचे आहे. ट्रस्टविषयीच्या १९८५ च्या हेग कराराच्या फ्रेंच मजकुराने 'ट्रस्ट' हा शब्दच जसाच्या तसा ठेवला. फ्रान्सने २००७ मध्ये 'फिद्युसी' ही कायदेशीर व्यवस्था आपल्या संहितेत आणली, पण ती ट्रस्टची प्रतिकृती नाही.

कॅनडात तर दोन भाषा आणि दोन कायदेपद्धती एकमेकींवर आडव्या पडतात. तिथला केंद्रीय कायदा एकाच वेळी चार प्रकारच्या वाचकांसाठी लिहावा लागतो, आणि २००१ पासून दिवाणी कायद्याशी मेळ घालणाऱ्या कायद्यांनी हे काम पद्धतशीर हाती घेतले. त्यामुळे तिथल्या मजकुरात 'इमब्ल' आणि 'ब्याँ रेएल' असे दोन्ही शब्द शेजारी दिसतात: पहिला क्वेबेकच्या दिवाणी कायद्यासाठी, दुसरा इंग्लिश परंपरेचा कायदा पाळणाऱ्या प्रांतांतील फ्रेंच वाचकांसाठी. क्वेबेकची नवी संहिता १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाली आणि तिच्यातील 'फिद्युसी'ने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिच्या १२६१ व्या कलमाप्रमाणे ट्रस्टमध्ये ठेवलेली संपत्ती ही स्वतंत्र 'पात्रिम्वान', म्हणजे वेगळा संपत्तीसंच, असते आणि तिच्यावर ट्रस्ट करणारा, विश्वस्त आणि लाभार्थी यांपैकी कोणाचाही वस्तुगत हक्क, म्हणजे थेट वस्तूवरचा हक्क, नसतो. विश्वस्ताकडे तिचे नियंत्रण आणि कारभार असतो, दस्तही त्याच्या नावाने होतात, पण तो मालक नसतो. त्यामुळे 'ट्रस्टी ओन्स द प्रॉपर्टी' असे इंग्रजी वाक्य क्वेबेकसाठी फ्रेंचमध्ये लिहायचे असेल, तर मालकीचे क्रियापद सोडून द्यावे लागते आणि विश्वस्त त्या संपत्तीचा कारभार पाहतो, असे लिहावे लागते.